तिन्ही पेपरात पास, तरी ग्रुप नापास: सीए इंटरच्या एका मुलीचं प्रकरण

सीए इंटरचा (चार्टर्ड अकाउंटंट व्हायच्या परीक्षांतली मधली पायरी, दोन ग्रुप, प्रत्येकात तीन पेपर) निकाल ४ मार्च २०२५ ला लागला तेव्हा ती माझ्या ऑफिसात समोरच्याच टेबलवर बसून एका पार्टीची खरेदीची बिलं टॅलीत टाकत होती. मोबाइलवर रोल नंबर टाकला, दोन मिनिटं काहीच बोलली नाही आणि मग मोबाइल माझ्याकडे सरकवला. ॲडव्हान्स्ड अकाउंटिंग ५२, लॉ ४३, टॅक्सेशन ४७. मी मार्क बघून "अगं झालं की!" म्हणाले, कारण तिन्हीत ४० च्या वर होते, आणि म्हणता म्हणताच खाली बेरीज दिसली, १४२. ग्रुप निघायला ३०० पैकी १५० लागतात. आठ मार्कांनी गेली होती आणि माझा तो "झालं की" ऐकून तिचा चेहरा जो झाला तो मला अजून आठवतो.

हा तिचा तिसरा अटेम्प्ट. पुढचं सगळं तिला विचारून लिहितेय, नाव नको पण मार्क सगळे खरे टाका असं तिनंच सांगितलंय.

तिचं घर सोलापूरच्या पूर्व भागात. वडील टॉवेलच्या कारखान्यात माग चालवतात, आई घरी विड्या वळते. घरात तेलुगू, गल्लीत मराठी, बारावीपर्यंत शिक्षण मराठी माध्यमात, आणि सीएचा पेपर लिहायचा इंग्रजीत (हिंदीत लिहिता येतो, मराठीत नाही). बी.कॉम. सोबत सीए फाउंडेशन पहिल्या झटक्यात काढलेली मुलगी, म्हणजे डोकं नाही असं कुणी म्हणूच शकत नाही. आता नव्या स्कीममध्ये इंटरचे दोन्ही ग्रुप निघाल्याशिवाय आर्टिकलशिप (सीएच्या हाताखालची उमेदवारी) सुरू होत नाही, त्यामुळं माझ्याकडे ती आर्टिकल म्हणून नाही तर अर्धा दिवस जीएसटीच्या एंट्र्या करायला येते.

पहिला अटेम्प्ट मे २०२४, दोन्ही ग्रुप एकदम. एका ग्रुपात कमी पडले तर दुसऱ्यातले जास्तीचे मार्क सांभाळून घेतात असं सगळे सांगतात आणि नियम तसा आहेच, सहाही पेपरात ४०-४० आणि सगळे मिळून ६०० पैकी ३०० झाले की दोन्ही ग्रुप पास. पण सांभाळून घ्यायला कुठंतरी जास्तीचे मार्क असावे लागतात ना, हिचे पहिल्या ग्रुपात १२१ आणि दुसऱ्यात ११४. मग सप्टेंबर २०२४ ला फक्त ग्रुप १ दिला, १३८ आले, लॉ ३८ वर गेला. मग जानेवारी २०२५, १४२.

आता अभ्यासाचे तास बघा. पहिल्या वेळी दिवसाला आठ तास, दुसऱ्या वेळी दहा, तिसऱ्या वेळी ऑफिसातून दोन महिने सुट्टी घेऊन बारा-तेरा तास, पहाटे चारला उठून, पाणी येणार असेल त्या दिवशी घरात सगळ्यांची धावपळ चालू असते तेव्हा गच्चीवर जाऊन. एवढं करून दुसऱ्या आणि तिसऱ्या अटेम्प्टमध्ये फरक किती, तर चार मार्क. मला खटकलं ते इथं. अभ्यास कमी पडत असता तर तासांबरोबर मार्क वाढायला पाहिजे होते.

एकटीचंच असं झालं असंही नाही. जानेवारी २०२५ ला देशभरात ग्रुप १ ला १,०८,१८७ मुलं बसली आणि १५,३३२ पास झाली, १४.१७ टक्के. म्हणजे ९२ हजारांवर मुलं त्या दिवशी घरी काय सांगायचं याचा विचार करत बसली असतील. त्यातली काही खरंच अभ्यास न करता बसली असतील, ते मान्यच आहे, निम्मा सिलॅबस सोडून नशीब बघायला जाणारी मुलं मीही पाहिलीत. पण सगळी ९२ हजार तशी नसतात आणि ही तर नव्हतीच.

निकालानंतर तिला जो भेटेल त्यानं कारण सांगितलं. क्लासवाले म्हणाले, रिव्हिजन कमी पडली, आणखी एक रिव्हिजन बॅच लाव. काकू म्हणाल्या, परीक्षा ऐन संक्रांतीत होती, गड्ड्याच्या जत्रेचे दिवस, घरात पाहुणे, लक्ष कसं लागणार. ऐकायला पटतं हे, पेपर ११, १३ आणि १५ जानेवारीला होते आणि मधे १४ ला संक्रांत. पण संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशीचा टॅक्सचा पेपर तिला ४७ देऊन गेला आणि सण सुरू व्हायच्या आधी निवांत अभ्यास केलेला लॉ ४३. मामा म्हणाला रिचेकिंग टाक. तर सीएच्या परीक्षेत पेपर नव्यानं तपासून मिळत नाही, व्हेरिफिकेशनमध्ये फक्त बेरीज चुकली का आणि एखादं उत्तर तपासायचं राहिलं का एवढंच बघतात. दुसरी एक सोय मात्र आहे जी मुलं वापरत नाहीत, स्वतःच्या उत्तरपत्रिकेची सर्टिफाइड कॉपी मागवता येते, निकालापासून ३० दिवसांच्या आत, पेपरमागे ५०० रुपये. तीन पेपरांचे १५०० होतात. तिला ते जास्त वाटत होते, आणि खरं सांगायचं तर पैशापेक्षा तिला तो पेपर परत डोळ्यांनी बघायचाच नव्हता. मी म्हटलं, रिव्हिजन बॅचला नऊ हजार भरायला निघालीस, त्याच्या आधी हे बघू.

कॉप्या आल्या तशा आम्ही दोघी एका रविवारी ऑफिसात बसलो. सगळ्या प्रिंट काढून टेबलवर मांडल्या.

पहिला लॉ घेतला. इंटरला प्रत्येक पेपरात ३० मार्कांचे केसवर आधारित एमसीक्यू आणि ७० मार्कांचं लेखी. तिचे लेखी ७० पैकी २९. म्हणजे एमसीक्यू ३० पैकी १४. लेखीत एक उत्तर होतं कंपनीच्या जनरल मीटिंगच्या कोरमचं, म्हणजे मीटिंगला कमीत कमी किती मेंबर हजर लागतात त्याचं. प्रश्न आहे तसा देत नाही, त्याच धर्तीचा माझा करून सांगते. समजा एका पब्लिक कंपनीचे १,२०० मेंबर आहेत, मीटिंगला १७ जण हजर, त्यातले ५ प्रॉक्सी, म्हणजे मेंबरच्या बदली आलेले. अर्धा तास थांबूनही आणखी कुणी आलं नाही. कोरम झाला का, आणि झाला नसेल तर पुढं काय?

हिनं दीड पान लिहिलं होतं. अक्षर सुंदर, कंपनी कायद्यातल्या सेक्शन १०३ खाली रेघ मारून. प्रायव्हेट कंपनीला दोन मेंबर, पब्लिक कंपनीला १,००० पर्यंत मेंबर असतील तर पाच, १,००० च्या पुढं ५,००० पर्यंत पंधरा, त्याच्या वर तीस. मेंबर स्वतः हजर पाहिजेत. अर्ध्या तासात कोरम नाही झाला तर मीटिंग पुढच्या आठवड्यात त्याच वारी, त्याच वेळी, त्याच जागी. मेंबरांनी मागणी करून बोलावलेली मीटिंग असेल तर ती रद्दच. पुढच्या मीटिंगलाही अर्ध्या तासात कोरम नाही झाला तर हजर असतील तेवढेच कोरम. एक शब्द चुकलेला नाही. पुस्तकातलं पानच जणू उतरवलेलं. मार्क पाचापैकी दोन.

मी पेन खाली ठेवलं आणि तिला मराठीत विचारलं, बरं मग ह्या मीटिंगचा कोरम झाला का गं? ती लगेच म्हणाली, "नाही ना मॅडम, १,२०० मेंबर म्हणजे पंधरा पाहिजेत, प्रॉक्सी धरत नाहीत, सतरातले पाच गेले की बाराच राहतात, मीटिंग पुढच्या आठवड्यात जाणार." अर्धा मिनिटही लागला नाही. मी म्हटलं, हे कुठं लिहिलंयस ते दाखव. तिनं दीड पानावरून बोट फिरवलं. वरून खाली एकदा, मग परत एकदा. १,२०० हा आकडा त्या दीड पानात कुठंच नव्हता. प्रॉक्सी हा शब्दसुद्धा नव्हता. "कोरम झाला नाही" हे वाक्य नव्हतं. मुद्द्याबद्दल जे जे माहीत होतं ते सगळं लिहिलं होतं आणि जे विचारलं होतं तेवढंच राहिलं होतं.

ती बराच वेळ त्या पानाकडे बघत बसली आणि मग म्हणाली, "मॅडम, मला वाटलं हे तर त्यांना माहीतच आहे, त्यांनीच दिलंय ना प्रश्नात." मला वाटतं हजारो मुलांच्या मनात हेच असणार. शाळेपासून सवय अशी की जास्त लिहिलं की जास्त मार्क, आणि तपासणारा समजून घेतो. इथं तपासणाऱ्याच्या हातात उत्तराचे टप्पे असतात, तरतुदीला इतके, दिलेल्या केसला ती लावून दाखवली त्याला इतके, निष्कर्षाला इतके. तरतूद कितीही सुंदर लिहा, तिचे मार्क एकदाच मिळतात.

लॉच्या त्या पेपरात अशी चार उत्तरं निघाली. प्रत्येकात दोन-तीन मार्क गेलेले. म्हणजे ग्रुपला कमी पडलेले आठ मार्क एकट्या लॉमध्ये, तिला येत असलेल्या उत्तरांमध्येच पडलेले होते.

अकाउंट्समध्ये वेगळीच कथा. ५२ मार्क होते म्हणून तो विषय तिला चांगला वाटायचा. लेखीत पहिला प्रश्न सक्तीचा आणि उरलेल्या पाचातले चार, प्रत्येकी १४ मार्कांचे. सरळ हिशेब केला तर १८० मिनिटांत १०० मार्क, म्हणजे मार्काला १.८ मिनिटं, १४ मार्कांच्या गणिताला २५ मिनिटं. तिनं अमाल्गमेशनचं (कंपन्यांच्या विलीनीकरणाचं) गणित घेतलं, बॅलन्स शीट टॅली होईना, म्हणजे दोन्ही बाजू जुळेनात, तर अख्खं पान काट मारून परत पहिल्यापासून केलं, तरीही टॅली झालं नाही. त्या एका गणितावर किती वेळ गेला असं विचारलं तर म्हणाली घड्याळ बघितलंच नाही, पण पन्नास मिनिटं तरी गेली असतील. त्याचे १४ पैकी ८ मिळाले. आणि शेवटचा प्रश्न, जो तिला पूर्ण येत होता, त्याची फक्त पहिली नोंद करून वेळ संपला, १४ पैकी २. टॅली न झालेली बॅलन्स शीट पाहवत नाही हे मला समजतं, आपण सगळे त्याच शिस्तीत वाढलोय, ऑफिसात एक रुपयाचा फरक आला तरी रात्री झोप लागत नाही. पण परीक्षेत तो फरक जिथल्या तिथं सोडून पुढच्या गणिताला हात घालावा लागतो, आणि ही गोष्ट कुणीतरी घड्याळ लावून करून घेतल्याशिवाय येत नाही. वर्किंग नोट्सचंही (उत्तरामागच्या हिशेबाच्या टिपांचंही) तेच, तिनं गुडविलचा हिशेब समासात पेन्सिलीनं केला होता, उत्तर बरोबर, पण नोटला नंबर नाही, मूळ उत्तरात तिचा उल्लेख नाही. टप्प्याचे मार्क द्यायला तपासणाऱ्यानं तो शोधायचा कुठं?

टॅक्सबद्दल थोडक्यात सांगते. जीएसटीत कुठल्या खरेदीचं क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) मिळतं आणि कुठलं नाही हे तिनं अचूक ठरवलं होतं, कंपनीच्या गाडीचं क्रेडिट सोडलं होतं, पण का सोडलं ते लिहिलं नाही. प्रश्नात कारणं द्या म्हटलं होतं. तेरा जणांपर्यंत बसायची गाडी सेक्शन १७(५) मध्ये अडकते एवढं एक वाक्य पाहिजे होतं. रोज ऑफिसात हेच काम करते ती!

एमसीक्यूंना तिन्ही पेपरात शेवटची वीस मिनिटं मिळाली होती. १०० पैकी ३० मार्क, इंटरला निगेटिव्ह मार्किंग नाही, आणि ते तिनं पुढचा माणूस पेपर गोळा करायला येतोय हे बघत बघत रंगवले.

रविवार संपला तेव्हा मी तिला एकच विचारलं, तीन तासांचा अख्खा पेपर, पुस्तक बंद ठेवून, घड्याळ लावून, परीक्षेच्या आधी किती वेळा लिहिलास? उत्तर आलं, एकदाही नाही. तिन्ही अटेम्प्ट मिळून एकदाही नाही. लेक्चरं दोनदा बघून झालेली, दुसऱ्यांदा दुप्पट स्पीडवर. रजिस्टरं तीन रंगांच्या पेनांनी भरलेली. गणितं "बघितलेली", म्हणजे सरांनी सोडवलेली स्क्रीनवर पाहिलेली, आणि बघताना प्रत्येक स्टेप पटते म्हणून येतंय असं वाटतं. त्या बारा-तेरा तासांत हातात पेन किती वेळ होतं असं विचारलं तर हायलायटर धरून दोनेक तास.

माझं म्हणणं इथं येतं आणि ते मी ऑफिसात येणाऱ्या प्रत्येक नापास मुलाला सांगते. नापास का झालो हे मार्कशीटवर कळत नाही, ते उत्तरपत्रिकेत असतं, आणि ती उघडून न बघता आपण "अभ्यास कमी पडला" हे निदान करून मोकळे होतो. निदान चुकलं की औषधही तेच चुकीचं, आणखी तास, आणखी लेक्चर, आणखी एक बॅच. हिला ज्ञान वाढवायची गरज फार थोडी होती.

आता प्रश्न आला मे २०२५ चा. ग्रुप १ चा पहिला पेपर ३ मेला. कॉप्या हातात येऊन सगळं बघून होईपर्यंत हातात महिनाच उरला होता. आता इंटर वर्षातून तीनदा होते, जानेवारी, मे, सप्टेंबर. हे चांगलंच झालं, पण यात एक फसगत आहे, निकाल लागून सावरेपर्यंत पुढची परीक्षा दोन महिन्यांवर असते आणि मुलं जुनीच तयारी घेऊन परत जाऊन बसतात. मी मे सोडायला सांगितलं. ती रडली. मैत्रिणी देणार, मी घरी काय सांगू, लोक म्हणतील सोडलं हिनं.

वडिलांशी मी बोलले. संध्याकाळी पाळी संपवून ऑफिसला आले, शर्टावर कापसाचे तंतू तसेच. मी त्यांना मार्क, टप्पे, कोरम वगैरे सगळं सांगत होते आणि ते नुसतं ऐकत होते. मग म्हणाले, "मॅडम, मागावर धागा तुटला की आमी माग बंद करतो. कुठं तुटला ते बघून गाठ मारतो, मग चालू. तसंच पळवलं तर माल निगतो पण सगळा डागी." आणि मुलीकडे बघून तेलुगूत दोन वाक्यं बोलले. मला तेलुगू येत नाही. तिनं मान हलवली आणि मेचा विषय तिथंच संपला.

एप्रिलपासून दर रविवारी दुपारी दोन ते पाच, म्हणजे खऱ्या परीक्षेच्याच वेळी, ती ऑफिसात पेपर लिहायला यायला लागली. उन्हाळ्यात दुपारी दोनला सोलापुरात बाहेर पाय ठेववत नाही, शटर अर्धं खाली ओढून, पंखा फुल, टेबलवर पाण्याचा तांब्या आणि घड्याळ. पेपर कुठून आणायचे हा प्रश्नच नव्हता, इन्स्टिट्यूटच्या साइटवर मॉक टेस्ट पेपर, रिव्हिजन टेस्ट पेपर आणि मागच्या परीक्षांची सजेस्टेड आन्सर्स फुकट पडलेली आहेत. पहिल्या रविवारी चाळीसाव्या मिनिटाला तिनं पेन ठेवलं आणि मनगट चोळायला लागली. तीन वर्षं सीएचा अभ्यास केलेल्या मुलीचा हात चाळीस मिनिटांत दुखला!

तपासताना मी एक वही केली, चुकांची वही. गेलेला प्रत्येक मार्क चारातल्या एका खान्यात टाकायचा: माहीत नव्हतं, माहीत होतं पण लिहिलं नाही, प्रश्न नीट वाचला नाही, वेळ संपला. लॉच्या पहिल्या मॉकला लेखीत ७० पैकी ३८ मार्क गेले. त्यातले "माहीत नव्हतं"मध्ये फक्त ११. उरलेले २७ बाकीच्या तीन खान्यांत. हा हिशेब तिनं स्वतःच्या हातानं लिहिला आणि त्या दिवसापासून माझं काम निम्मं झालं.

इंग्रजीचा अडथळा खरा होता. ती विचार मराठीत करते, कधी तेलुगूत, आणि इंग्रजीत स्वतःचं वाक्य करायची भीती वाटते म्हणून पाठ केलेली तरतूद उतरवते, ती वाक्यं आयती असतात ना. केसचं वाक्य मात्र स्वतः करावं लागतं. यावर आम्ही साधा उपाय केला. उत्तर लिहायच्या आधी प्रश्नपत्रिकेतल्या आकड्यांना आणि नावांना गोल करायचा आणि प्रत्येक गोल उत्तरात आलाच पाहिजे. "इन द गिव्हन केस" नं सुरू होणारी दोन छोटी वाक्यं, मग "हेन्स" नं एक. व्याकरण चुकलं तरी चालेल, आकडा चुकायला नको. दीड पानाचं उत्तर पाऊण पानावर आलं आणि मार्क वाढले. एमसीक्यू आधी, पहिल्या पन्नास मिनिटांत, डोकं ताजं असताना. आणि सुरुवातीला वाचायला जी पंधरा मिनिटं मिळतात त्यात पाचातला कुठला प्रश्न सोडायचा ते ठरवून टाकायचं.

टॅक्समध्ये नवंच संकट निघालं. तिचं ते तीन रंगी रजिस्टर जुन्या असेसमेंट इयरचं (कर आकारणीच्या वर्षाचं) होतं आणि सप्टेंबर २०२५ ला लागू होतं २०२५-२६. जुलै २०२४ च्या बजेटनं बरंच बदललं होतं, नव्या रिजीममध्ये पगारदाराचं स्टँडर्ड डिडक्शन ५०,००० चं ७५,००० झालं, स्लॅब बदलले, २३ जुलै २०२४ पासून लाँग टर्म कॅपिटल गेनचा दर १२.५ टक्के झाला, शेअर्सच्या नफ्यावरची १ लाखाची सूट सव्वा लाख झाली. ती ५०,००० च लिहीत होती कारण पानावर गुलाबी पेनानं तेच लिहिलेलं. इतक्या मेहनतीनं केलेलं रजिस्टर टाकून दे म्हणताना मलाच वाईट वाटत होतं, पण परत परत बसणाऱ्या मुलांचा घात इथं हमखास होतो, जुन्या नोट्सवर जीव जडलेला असतो.

सगळं सुरळीत झालं असं नाही. जूनमध्ये घरात लग्न निघालं आणि तीन रविवार गेले. जुलैच्या पहिल्या अकाउंट्सच्या मॉकला लेखीचे ७० पैकी ३० आले, जानेवारीतल्या खऱ्या पेपरपेक्षाही कमी, आणि ती म्हणाली सोडून देते, कुठंतरी अकाउंटंट म्हणून लागते. मी काही समजावलं नाही, वही उघडून पुढं केली. "वेळ संपला" या खान्यात एप्रिलमध्ये १९ होते, आता ५. त्या दिवशी बाकीचे जे गेले होते ते बहुतेक कन्सॉलिडेशनचा (मुख्य कंपनी आणि तिच्या उपकंपन्यांचे हिशेब एकत्र करण्याचा) धडा न केल्यामुळं, म्हणजे "माहीत नव्हतं"मध्ये. ते दुखणं साधं, धडा परत करायचा. तिनं वही घरी नेली, पुढच्या रविवारी आली.

सप्टेंबरला पेपर ४, ७ आणि ९ तारखेला होते. लॉच्या आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, विसर्जनाच्या मिरवणुका, घरात झोपणं शक्य नाही. ती आधीच ठरवून मावशीच्या घरी गेली होती. पेपर झाल्यावर तिनं फोन केला तेव्हा कसा गेला हे सांगितलंच नाही, "मॅडम, सगळे गोल उत्तरात आले" एवढंच म्हणाली.

निकाल ३ नोव्हेंबर २०२५ ला. यावेळी ग्रुप १ चा देशाचा निकाल आणखी खाली, ९.४३ टक्के. तिचे अकाउंट्स ५७, लॉ ४६, टॅक्स ५०. मी यावेळी आधी बेरीज बघितली. १५३.

तीन मार्कांनी पास, यात कुणाला काय थोर वाटेल माहीत नाही, मला त्या दिवशी दुपारी जेवण गेलं नाही. तिची आई संध्याकाळी कडक भाकरी आणि शेंगा चटणी घेऊन ऑफिसात आली आणि काही न बोलता डबा टेबलवर ठेवून उभी राहिली.

ग्रुप २ अजून बाकी आहे, कॉस्टिंग तिचा कच्चा आहे आणि ऑडिटला परत तोच लिहिण्याचा प्रश्न येणार. चुकांची दुसरी वही सुरू झालीय. पण निकालानंतर आठवडाभरानं तिनं मला एक विचारलं, ते सांगायचं राहिलं. "मॅडम, पास झाल्यावर पण कॉपी मागवता येते का? लॉमध्ये ५४ कुठं गेले ते बघायचंय." मी हो म्हटलं. यावेळी पाचशे रुपये तिनं स्वतःच्या पगारातून भरले.